बाथरूम डाव्या हाताला होतं: ४१ वर्षांचं घर सोडलेल्या एका बाईंचं प्रकरण

हे लिहायच्या आधी बाईंची परवानगी घेतलीये. त्यांनी पूर्ण वाचलं, दोन दुरुस्त्या सांगितल्या, त्या केल्यात. नाव, गाव, संस्था काहीच देत नाहीये आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदललेत. मी समुपदेशनाचं काम करते, डॉक्टर नाहीये, म्हणून औषधांबद्दल जे जे येईल ते त्यांच्या डॉक्टरांनी ठरवलेलं आहे हे आधीच सांगते.

बाईंचं वय ७९. शाळेत गणित शिकवायच्या, ३४ वर्षं. शाळेतली मुलं बाई म्हणायची, मग मुलांचे आईवडील म्हणायला लागले, मग सगळी गल्लीच, आणि शेवटी शेवटी तर मिस्टर पण बाईच म्हणायचे. मिस्टरांना जाऊन पाच वर्षं झाली. घर स्वतःचं, दोन मजली, बेडरूम वर, मध्ये १४ पायऱ्यांचा जिना. त्या घरात ४१ वर्षं. गुडघे झिजलेले, दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, बीपीची एक गोळी, बाकी डोकं एकदम शाबूत, वीजबिल आलं की आधी रीडिंगची वजाबाकी स्वतः करून बघणार आणि मगच भरणार.

दीड वर्षात त्या जिन्यावर दोनदा पडल्या. दुसऱ्या वेळी मनगट मोडलं आणि मोबाइल वरच्या मजल्यावर राहिलेला, त्यामुळे अडीच तास शेवटच्या पायरीवर तशाच बसून होत्या, शेवटी शेजारच्यांना शंका आली म्हणून ते डोकावले. मुलगी मोठी, मुलगा धाकटा, दोघं दुसऱ्या शहरात. त्या दिवसानंतर दोघांचा धीर सुटला आणि मला त्यांची ती भीती पूर्ण कळते, फोन उचलला नाही की पोटात गोळा येणं म्हणजे काय असतं हे ज्यांचे आईवडील एकटे राहतात त्यांना वेगळं सांगायला नको.

मुलांनी ज्येष्ठांसाठीची एक कम्युनिटी शोधली. चांगली शोधली, हे मी मुद्दाम लिहितेय. प्रत्येकाची वेगळी छोटी जागा, खाली कॉमन डायनिंग हॉल, २४ तास नर्स, बेडजवळ आणि बाथरूममध्ये बेल, रॅम्प, सगळीकडे धरायला दांडे. स्टाफ बोलायला नीट. वृद्धाश्रम हा शब्द तिथे कोणी वापरत नाही, बाईंनी मात्र पहिल्या दिवशी तोच वापरला.

आईला विचारलं होतं का, असं मी मुलांना नंतर विचारलं. दोघं एकदम म्हणाले, हो विचारलं होतं ना, ती "बघू" म्हणाली. आता आपल्याकडे मोठ्या माणसाचं "बघू" म्हणजे बहुतेक वेळा नाहीच असतं, समोरच्याचं मन मोडू नये म्हणून म्हणलेलं. मुलांनी घाबरलेल्या मनाने ते हो धरलं. या प्रकरणातली पहिली गाठ तिथे पडली असं मला वाटतं.

मग झालं असं की मनगट प्लास्टरमध्ये म्हणून बाई पाच आठवडे मुलीकडे होत्या आणि त्या पाच आठवड्यांत मुलांनी सुट्ट्या काढून घर रिकामं केलं, निम्मं सामान भंगारात, काही वाटलं, थोडं मुलाच्या घरी नेलं, आणि नवीन जागा सजवली. नवीन पलंग, कंबरेला चांगली म्हणून नवीन गादी, नवीन कपाट, पडदे, सगळं नवीन. आईला दगदग नको, तिने तयार जागेत पाऊल टाकावं, हा हेतू. प्लास्टर निघाल्यावर मुलीकडून थेट तिकडे नेलं. बाईंनी सगळीकडे बघितलं, "छान केलंय" म्हणाल्या आणि खुर्चीच्या कडेवर बसल्या, पर्स मांडीवर घेऊन. संध्याकाळी मुलं निघाली तेव्हा पण पर्स मांडीवरच होती. मुलगी मला हे सांगताना रडली, कारण तिने ते तेव्हा बघितलं होतं पण त्याचा अर्थ लावायचं टाळलं होतं, असं तीच म्हणाली.

मला फोन आला तो १९व्या दिवशी, तिथल्या नर्सचा. फाईलमध्ये जे होतं ते असं: वजन तीन किलोने कमी, डायनिंग हॉलमध्ये दिवसातून एकदाच येतात, झोप नाही, सहाव्या दिवसापासून झोपेची गोळी सुरू, रात्री कॉरिडॉरमध्ये दारांची हँडल ओढताना दोनदा सापडल्या, ११व्या रात्री खोलीत पडल्या, कपाळाला चार टाके. शेवटी एक ओळ होती, रात्री गोंधळतात, विनाकारण फिरतात, डिमेन्शियाची सुरुवात वाटते. आणि यावरून त्यांना जास्त देखरेखीच्या विभागात हलवायचा विचार चालू होता. म्हणजे महिन्याभरात अजून एक घर बदलणं. हे वाचून मी दुसऱ्याच दिवशी गेले.

दिवसा भेटले तर बाई अगदी व्यवस्थित. तारीख, वार, मुलांचे फोन नंबर तोंडपाठ. आवाज मात्र खाली गेलेला, वाक्य अर्धं सोडून द्यायच्या. एकच वाक्य त्यांनी पूर्ण केलं: "मला इथे कसलाच त्रास नाही हो, पण मी इथली कोणीच नाही." त्या बोलत असतानाच एक पोरगी औषध घेऊन आली, आजी आजी करत, गालाला हात लावून गोळी दिली. प्रेमाने दिली. बाईंचा चेहरा दगड झाला.

घर बदलल्यावर वृद्ध माणसांमध्ये असं होतं हे काही नवीन नाहीये. परिचर्येच्या क्षेत्रात याला स्थलांतरामुळे येणारा ताण म्हणून वेगळं निदान आहे, परिचर्येतली निदानं ठरवणाऱ्या उत्तर अमेरिकेतल्या संघटनेने ते १९९२ मध्येच आपल्या यादीत घेतलं. झोप जाणं, खाणं कमी होणं, चिंता, एकटेपण, गोंधळ, सगळं त्यात येतं. पण नाव मिळालं म्हणून काम संपत नाही, उलट घाई करून "होतं असं, रुळतील" म्हणायला ते नाव कामाला येतं, तसं मी बघितलंय. म्हणून आधी डॉक्टरांना विनंती केली की शरीरातलं काही राहून तर जात नाही ना ते बघा. या वयात गोंधळामागे लघवीचं इन्फेक्शन, सोडियम, थायरॉइड, बी१२, साखर, नाहीतर एखादी गोळीच असू शकते आणि यातलं बरंचसं दुरुस्त होणारं असतं. बी१२ थोडं कमी निघालं, त्याचे उपचार सुरू केले, बाकी ठीक. वृद्धांच्या नैराश्यासाठी १५ हो-नाही प्रश्नांची एक चाचणी असते, त्यात साधारण पाचच्या वर गुण आले की लक्ष द्यायचं असतं, बाईंचे ९ आले.

पण मला खटकत होतं ते वेगळंच. दिवसा एवढा स्वच्छ माणूस रात्रीच कसा गोंधळतो. डिमेन्शियात संध्याकाळनंतर त्रास वाढतो हे खरं आहे, गोळीचा परिणाम असू शकतो हे पण खरं, तरी मी म्हटलं एक रात्र प्रत्यक्ष बघू. बाईंना विचारून त्यांच्या खोलीत कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले.

दोन वाजून दहा मिनिटांनी त्या उठल्या. पाय पलंगाच्या डाव्या बाजूला सोडले, उभ्या राहिल्या आणि न थबकता डावीकडे चालायला लागल्या, चार पावलं, आणि उजवा हात खांद्याच्या उंचीला नेऊन भिंतीवर काहीतरी चाचपायला लागल्या. समोर भिंत नव्हतीच, कपाट होतं. हात कपाटावर आपटला तेव्हा त्या थांबल्या, वळल्या, परत वळल्या, आणि घाबरलेल्या आवाजात म्हणाल्या, "कोण आहे?" मी दिवा लावला. बाथरूम पलंगाच्या उजवीकडे होतं.

सकाळी मी त्यांना कागद दिला आणि म्हटलं बाई, जुन्या बेडरूमचा नकाशा काढून द्याल का. (पहिल्यांदा बाई म्हटलं तेव्हा त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, ते मला अजून आठवतं.) पट्टी मागून घेतली, प्रमाण ठरवलं, एका सेंटिमीटरला एक फूट, आणि काढून दिला. पलंगापासून डावीकडे चार पावलांवर बाथरूमचं दार, दाराच्या उजव्या अंगाला खांद्याच्या उंचीवर बटण. मी रात्री जे बघितलं ते तंतोतंत तेच होतं. बाई गोंधळलेल्या नव्हत्याच. त्यांचे पाय जुन्या घरात चालत होते.

इथे थोडं थांबून सांगते कारण मुलांना हे समजावल्यावरच ती हलली. मेंदूत जागेचा नकाशा धरून ठेवणाऱ्या पेशी असतात, मेंदूशास्त्रज्ञ जॉन ओकीफ यांनी त्या १९७१ मध्ये उंदरांच्या मेंदूत दाखवल्या आणि २०१४ चं नोबेल त्यांना मे-ब्रिट मोझर आणि एडवर्ड मोझर यांच्यासोबत मिळालं. त्या पेशी ज्या भागात आहेत, हिप्पोकॅम्पस, तो भाग वयाबरोबर मंदावतो, म्हणून नवीन जागेचा नकाशा तयार व्हायला म्हाताऱ्या माणसाला जास्त वेळ लागतो. पण हजारो वेळा करून अंगात मुरलेल्या हालचाली वेगळ्या यंत्रणेवर चालतात आणि त्या बऱ्याच टिकून राहतात. दिवसा डोळे उघडे असतात, विचार करून चालता येतं. रात्री अर्धवट झोपेत विचार नसतो, फक्त पाय असतात, आणि पायांना ४१ वर्षांचं घर पाठ असतं. त्यात वर झोपेची गोळी. वृद्धांनी शक्यतो टाळावीत अशा औषधांची एक यादी डॉक्टर मार्क बीअर्स यांनी १९९१ मध्ये केली, ती आजपर्यंत सुधारत आलीये, आणि झोपेच्या बऱ्याच गोळ्या तिच्यात आहेत, कारण तोल जातो, पडणं वाढतं, गोंधळ वाढतो. गोळी सहाव्या दिवशी, पडल्या अकराव्या रात्री. फाईलमध्ये या दोन नोंदी वेगवेगळ्या पानांवर होत्या आणि कोणी त्या शेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या.

आम्ही पलंग फिरवला. एवढंच. उशीची बाजू समोरच्या भिंतीला नेली की बाथरूम डाव्या हाताला येत होतं, कपाट दुसऱ्या कोपऱ्यात सरकवलं, दोन माणसं, वीस मिनिटं. बाथरूमच्या दाराशी खांद्याच्या उंचीवर बटण बसवून घेतलं आणि पायाशी हालचाल झाली की लागणारा मंद दिवा. गोळी डॉक्टरांनी हळूहळू कमी करत दोन आठवड्यांत बंद केली, अशा गोळ्या एकदम तोडायच्या नसतात म्हणून. त्यानंतर आजपर्यंत बाई रात्री पडलेल्या नाहीत.

झोप मात्र लगेच आली नाही, आणि दारांच्या हँडलचं काय ते पण राहिलंच होतं. त्याचं उत्तर पण विचारल्यावरच मिळालं. मी म्हटलं बाई, घरी झोपायच्या आधी काय काय करायचात? त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं: मागच्या दाराची कडी, गॅसचा कॉक, किचनची खिडकी, पाण्याच्या मोटरचं बटण, फाटकाचं कुलूप, पुढचं दार, जिन्याचा दिवा. सात गोष्टी, याच क्रमाने. "मिस्टर विसरायचे म्हणून मीच करायचे, मग सवयच झाली." आणि इथे? इथे फाटक वॉचमन लावतो, गॅस नाही, मोटर नाही, जिना नाही. बंद करायला काही शिल्लकच नाही. मुलांनी आईचे सगळे त्रास काढून घेतले त्यात दिवस संपल्याची खूण पण निघून गेली. विनाकारण फिरतात म्हणून फाईलमध्ये जे लिहिलं होतं ती बाईंची रात्रीची फेरी होती, बिचाऱ्या घर बंद करत होत्या.

लॉटन आणि नाहेमो या दोन संशोधकांनी १९७३ मध्ये एक मांडणी केली होती, माणसाची क्षमता आणि जागा त्याच्याकडून जे मागते ते जुळायला हवं. जागेने फार मागितलं तर माणूस मोडतो हे सगळ्यांना कळतं, जिना, निसरडी फरशी वगैरे. पण त्यांचं दुसरं म्हणणं जास्त महत्त्वाचं वाटतं मला, की जागेने फारच कमी मागितलं तरी माणूस ढासळतो. जुनं घर बाईंच्या गुडघ्यांकडून झेपणार नाही एवढं मागत होतं आणि नवी जागा त्यांच्या डोक्याकडून आणि हातांकडून काहीच मागत नव्हती.

तर फेरी परत द्यायची ठरवली. स्वतःचं दार, गॅलरीचं दार, आणि मजल्यावरच्या वाचनखोलीच्या खिडक्या आणि दिवे. मॅनेजरना हे पटेना, काही झालं तर जबाबदारी कोणाची, रात्री साडेनऊला निवासी माणूस कॉरिडॉरमध्ये कशाला. त्यांचं पण बरोबर होतं त्यांच्या जागी. शेवटी पंधरा दिवस करून बघायचं ठरलं, पहिल्या चार दिवशी अटेंडंट बरोबर गेली, पाचव्या दिवशी बाईंनीच तिला सांगितलं तू जा, मला येतं. आठवड्याभरात त्या रात्री दहाला झोपून चारला उठायला लागल्या.

आजी हे संबोधन बंद करायला सगळ्यात कमी कष्ट लागले आणि परिणाम बघाल तर फार मोठा. स्टाफच्या मीटिंगमध्ये दोन मिनिटं बोलले, दारावर पाटी लावली. जी पोरगी गाल धरून गोळी द्यायची ती दुसऱ्या दिवशी "बाई, गोळी" म्हणाली तर बाईंनी तिला विचारलं, कितवी शिकलीस. पुढे ती पोरगी कुठल्यातरी परीक्षेची गणितं घेऊन त्यांच्याकडे बसायला लागली. आजी म्हणणं वाईट नाही, आपल्याकडे ते आदरानेच म्हणतात, पण त्यांच्या नातवंडांनी म्हणायचा शब्द होता तो, बाकी जगाला त्या बाई होत्या.

मी एक चूक केली ती पण लिहिते. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना गाण्याच्या ग्रुपमध्ये जायचा आग्रह केला, ओळखी होतील म्हणून. त्या एकदा गेल्या, माझ्यासाठी गेल्या, आणि परत आल्यावर दोन दिवस माझ्याशी तुटक बोलल्या. त्यांना गाण्यात कधीच रस नव्हता. ज्या चुकीबद्दल मी मुलांना समजावत होते तीच मी केली, तुमच्या भल्याचं मी ठरवलंय.

ठरवण्याच्या या मुद्द्यावर एक जुना अभ्यास नेहमी सांगितला जातो, एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन यांचा, १९७६ चा. एका नर्सिंग होममध्ये एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं की तुमच्या खोलीचं, वेळेचं तुम्ही ठरवा, हे रोप घ्या आणि तुम्ही सांभाळा. दुसऱ्या मजल्यावर रोप दिलं पण सांगितलं की नर्स पाणी घालेल, आम्ही सगळं बघतो. पहिल्या मजल्यावरचे लोक जास्त उत्साही, जास्त सावध, जास्त मिसळणारे दिसले. अभ्यास छोटा होता, शंभराच्या आत माणसं, त्यामुळे रोप दिलं की आई बरी होईल असा अर्थ कोणी काढू नये. पण दिशा पटते. आणि त्याहून कमी सांगितला जाणारा अभ्यास रिचर्ड शुल्झ यांचा, त्याच वर्षीचा. कॉलेजची मुलं वृद्धांना भेटायला जायची. ज्यांना भेट कधी होणार हे ठरवता यायचं किंवा निदान आधी माहीत असायचं त्यांची तब्येत आणि मन जास्त चांगलं राहिलं, अवचित येणाऱ्यांचा तेवढा उपयोग झाला नाही. पण अभ्यास संपला, भेटी थांबल्या, आणि पुढे बघितलं तर ज्यांना सगळ्यात जास्त फायदा झाला होता तेच जास्त घसरले होते.

हे मी मुलांना सांगितलं कारण त्यांचं नेमकं तेच चाललं होतं. पहिल्या आठवड्यात रोज कोणीतरी, मग कोणीतरी सल्ला दिला की जाऊ नका, त्याशिवाय ती रुळणार नाही, म्हणून नऊ दिवस कोणीच नाही, मग अपराधी वाटून अचानक दोघं एकदम. बाई रोज दुपारी तयार होऊन बसायच्या. आम्ही कॅलेंडरवर लिहिलं, मुलगा दर दुसऱ्या रविवारी, मुलगी महिन्यातून एकदा तीन दिवस, फोन रोज रात्री नऊला, फेरीच्या आधी. वर्षभर पाळता येईल एवढंच कबूल करा असं मी बजावलं. मुलाने दर रविवारी येतो म्हणून लिहिलं होतं, बाईंनीच ते खोडून दर दुसऱ्या केलं, म्हणाल्या तुला जमणार नाही.

सामानाचं सगळ्यात दुखरं निघालं. बाईंचं कपाट भंगारात गेलेलं. लाकडी, जुनं, एक पाय लंगडा, मुलीला वाटलं आई वैतागलेलीच असायची त्याला. बाईंनी दोन महिने त्याचा विषय काढला नाही आणि काढला तेव्हा एवढंच म्हणाल्या, त्यात खालच्या खणात मिस्टरांचे चष्मे होते. मुलीने चष्मे बघितले होते, फुटके म्हणून टाकले होते. ते आता परत येणार नव्हते आणि त्यावर माझ्याकडे उपाय नव्हता. मुलीने माफी मागितली, बाई "असू दे" म्हणाल्या, आणि ते अजून पूर्ण असू झालेलं नाहीये. जे मुलाच्या घरी शिल्लक होतं ते मात्र आणलं: पेपर तपासायचं टेबल, भिंतीवरचं घड्याळ, पत्र्याची ट्रंक. नवीन सोफा परत पाठवला तेव्हा कुठे टेबल मावलं. टेबल आल्यावर पर्स त्यावर ठेवली गेली.

आणि याच टेबलावर बाईंनी करारपत्र मागवून वाचलं. तोपर्यंत त्यांनी ते वाचलंच नव्हतं, हात प्लास्टरमध्ये असताना सही झालेली. त्यात एक कलम होतं की पहिल्या ९० दिवसांत सोडलं तर डिपॉझिटचा बराचसा भाग परत मिळतो. मुलांना माहीत होतं, सांगितलं नव्हतं, उगाच मनात परत जायचं येईल म्हणून. मी म्हटलं येऊ दे की, त्यांच्या मनात ते रोज येतंय. तोपर्यंत जुन्या घराचा टोकन घेऊन झालेला होता. मुलाने खरेदीदाराला खरं काय ते सांगितलं आणि ९० दिवस पुरे होईपर्यंत थांबा म्हणून विनंती केली, तो माणूस चांगला निघाला, थांबला. बाईंनी कॅलेंडरवर ९०व्या दिवसाला लाल गोल केला. मुलं धास्तावली. पण त्या दिवसापासून बाई "परत कधी जायचं" हे विचारायच्या बंद झाल्या, आणि त्याऐवजी विचारायला लागल्या की आजारपण वाढलं तर इथेच ठेवतात का बाहेर काढतात, दरवर्षी शुल्क कोणत्या हिशोबाने वाढतं, मी गेल्यावर डिपॉझिट किती दिवसांत परत. हे तिन्ही प्रश्न सही करायच्या आधी विचारायचे असतात, कोणी जाणार असेल तर एवढं नक्की करा, आणि शक्य असेल तर आधी दोन आठवडे राहून बघा, आणि जुन्या खोलीचं माप आणि फोटो घेतल्याशिवाय काही हलवू नका. महिन्याच्या बिलाचा तक्ता बाईंना इतका गिचमिड वाटला की त्यांनी तो एका पानावर नव्याने मांडून ऑफिसला दिला, आता सगळ्यांना तसा मिळतो.

८२व्या दिवशी त्या जुन्या घरी गेल्या. तिथल्या लोकांना वाटत होतं नेऊ नका, परत बिघडेल. मला पण खात्री नव्हती, पण जायचं त्यांनीच ठरवलं होतं. मी आणि मुलगी बरोबर होतो. घर पूर्ण रिकामं. बाई खोल्या बघायला गेल्याच नाहीत, त्यांनी थेट फेरी सुरू केली, मागचं दार, गॅसचा कॉक, किचनची खिडकी, मोटर, जिन्याचा दिवा, भर दुपारी दिवा लावून बंद केला. जिना चढल्या नाहीत, पहिल्या पायरीवर हात टेकवून उभ्या राहिल्या थोडा वेळ. मुलगी बाहेर जाऊन रडत होती. मग बाई म्हणाल्या, "मागच्या दाराची कडी जरा वर उचलून लावायला लागते, नाहीतर वाऱ्याने उघडते. नवीन माणसांना सांग." आणि मग पर्समधून वही काढून त्यांनी सांगायला आणि मुलीने लिहायला सुरुवात केली: मोटर किती मिनिटं चालवायची, पावसात कुठल्या खिडकीतून पाणी येतं, फाटकाचं कुलूप थंडीत अडकतं तेव्हा काय करायचं. पावणेदोन पानं झाली. शेजारच्यांकडे जाऊन आल्या, त्यांना नवीन पत्ता दिला. परतताना गाडीत झोपल्या.

सध्याची परिस्थिती सांगते. आठ महिने झालेत. वजन पूर्वीइतकं झालंय, नैराश्याच्या चाचणीत शेवटचे गुण ४, डिमेन्शियाची तपासणी नीट करून घेतली, तसं काही निघालं नाही आणि फाईलमधली ती ओळ डॉक्टरांनी खोडून सही केली. जुन्या घराला त्या घर म्हणतात आणि इथल्या जागेला खोली, आणि मी ते बदलायचा प्रयत्न करत नाही. मध्ये एक नवीन गृहस्थ राहायला आले, रात्री दोनदा धडपडले, तर बाई त्यांच्याकडे जाऊन पहिला प्रश्न विचारून आल्या, तुमच्या घरी बाथरूम कुठल्या हाताला होतं. कपाटाचं आणि चष्म्यांचं दुःख आहे तिथेच आहे, मुलगी आली की पहिल्या दिवशी दोघी जरा जपून बोलतात.

९०व्या दिवसाचं राहिलं. ८८व्या दिवशी बाईंनी दोन्ही मुलांना बोलावून घेतलं. टेबलावर कागद होता, दोन रकाने, घरी परत गेले तर आणि इथे राहिले तर, दोन्हीकडे खर्च, गुडघे, रात्र, शेजार, मुलांची झोप, असं सगळं. मुलांनी श्वास रोखून वाचलं. बाई म्हणाल्या, घर द्या त्या माणसाला, थांबलाय बिचारा. मी वर्षभर इथे राहते, मग बघू.

मुलीने विचारलं, "आई, बघू म्हणजे हो का नाही? या वेळी नीट सांग."

"बघू म्हणजे बघू," बाई म्हणाल्या. "ठरलं की मी सांगेन."